वऱ्हाडात हीटर

जानेवारीत माझी अँबॅसिडर घेऊन मी पुण्याहून अमरावतीला जाऊन आलो. परतल्यावर सगळे विचारत होते, काय पाहिलं, काय खाल्लं. मी गिला वडा सांगितला, अंजनगावचे पानमळे सांगितले, सोल्याची भाजी सांगितली. बाकीचं पोटात ठेवलं. ते आता लिहितो आहे.

आधी गाडीबद्दल. माझा छापखाना मुलगा सांभाळतो आणि मी ही गाडी सांभाळतो. या गाड्या बनत होत्या त्या काळात थंड मुलखातल्या गिऱ्हाइकाने मागितला तर कंपनी हीटर बसवून देत असे. इंजिनातलं गरम पाणी दोन रबरी नळ्यांनी डॅशबोर्डखालच्या एका डब्यात येतं, डब्यामागे छोटा पंखा असतो आणि पायांवर ऊब येते. अशा गाड्या फार थोड्या निघाल्या, म्हणून जुन्या गाड्यांच्या नादी लागलेली माणसं त्या हीटरसाठी जीव टाकतात. आमच्या क्लबात यावरून दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, वस्तू त्याच कंपनीची आणि त्याच काळातली असली की कुठल्याही गाडीत बसवा. दुसरा म्हणतो, कारखान्यातून गाडी जशी बाहेर पडली तशीच ती ठेवली पाहिजे. मी दुसऱ्या पक्षाचा होतो, निदान बोलताना.

प्रत्यक्षात माझ्या गाडीतला हीटर मी सहा वर्षांपूर्वी डेहराडूनच्या एका भंगार बाजारातून आणला होता. पुण्यातल्या मिस्त्रीकडून पत्र्याला भोक पाडून घेतलं आणि डबा बसवला. नवे बोल्ट चमकत होते म्हणून ते आठवडाभर मिठाच्या पाण्यात बुडवून गंजवले. पुढच्याच वर्षी क्लबाने माझ्या गाडीला 'मूळ स्वरूप उत्तम राखलेली गाडी' म्हणून ढाल दिली. ती मी हसत घेतली.

अमरावती

अमरावतीच्या वानखडे सरांनी मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. ते निवृत्त प्राध्यापक. त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी मिळून एका शाळेच्या मैदानावर जुन्या गाड्यांचा मेळा भरवला होता. मी आदल्या संध्याकाळी पोचलो. सकाळी हवेत छान गारठा होता. सरांनी मैदानाबाहेरच्या गाडीवर गिला वडा खायला घातला. गरम वडा, वर दही, वर हिरवी चटणी. आमच्याकडे दहीवडा थंड आणि गोडसर असतो, वाटीत शांत बसून राहतो. हा जिभेला चटका देऊन मग थंड करतो. मी दोन खाल्ले आणि मोठ्या खुशीत मैदानात शिरलो.

माझी गाडी पाहुण्यांची म्हणून मंचाजवळ उभी केली होती. लोक वाकून हीटर बघत होते. एकाने विचारलं, "साहेब, हा पहिल्यापासूनचा हाये का?"

"हो, गाडी मूळची डेहराडूनची ना," मी म्हणालो. गाडी मूळची सोलापूरची आहे.

रांगेत जीप होत्या, स्कूटर होत्या, एक लाल ट्रॅक्टर होता. शेवटी एक फिकट पिवळी अँबॅसिडर होती. शेजारी साठीच्या एक बाई उभ्या होत्या, पदर खोचलेला, हातात किल्ली. गाडी स्वतः चालवत अंजनगावहून आल्या होत्या. नाव प्रमिलाताई. घरचे पानमळे, गाडी वडिलांची, वडील आता नाहीत. गाडीचा रंग मूळचा होता, सीटा मूळच्या होत्या, दारावर जिथे वडिलांचं कोपर टेकत असे तिथला रंग घासून पत्रा दिसत होता. पहिला नंबर इथेच द्यायचा असं मी जवळजवळ ठरवलं आणि आत बसलो. डॅशबोर्डखाली हीटर होता.

"तो कंपनीचाच हाये साहेब," ताई खिडकीतून म्हणाल्या. "बाबा सांगत जाय."

मी हसलो. उन्हाळ्यात माणसं भाजून काढणाऱ्या मुलखात कोण हीटरची गाडी मागवेल? मी वाकलो नाही, बॅटरीचा उजेड टाकला नाही, पत्र्यावर हात फिरवला नाही. मला पाहायची गरजच वाटली नाही. असा हीटर गाडीत कसा येतो हे मला पक्कं ठाऊक होतं.

निकालाच्या वेळी हातात माईक आला. ही पिवळी गाडी सुंदर आहे, मी म्हणालो, पण तिच्यात नंतर बसवलेली वस्तू आहे आणि ती मूळची म्हणून सांगितली जाते, त्यामुळे नंबर देता येत नाही. इथे थांबायला हरकत नव्हती. पण समोर माणसं होती, ऐकत होती. मी पुढे म्हणालो, "वऱ्हाडात हीटर. बहुतेक गाडीत बसून पापड वाळवायचे असतील."

मैदान हसलं. प्रमिलाताईही तोंडाला पदर लावून हसल्या. जेवणाची पंगत बसली तेव्हा त्यांची गाडी तिथे नव्हती. मी वानखडे सरांना विचारलंसुद्धा, "त्या ताई गेल्या वाटतं?" आणि पुढ्यातल्या बेसनाच्या पाटोडीकडे वळलो.

अकोला

दुसऱ्या दिवशी परतीला निघालो. कपाशीची शेवटची वेचणी चालू होती. ट्रकांमधून उडालेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना लटकला होता. मूर्तिजापूर मागे पडलं आणि अकोला अर्ध्या तासावर असताना गाडीत पाण्याचा वास आला. पाठोपाठ डाव्या बाजूला फस्सकन आवाज झाला आणि आतून काचेवर वाफ धरली. मला रस्ता दिसेना. कशीबशी गाडी कडेला घेतली. हीटरच्या डब्याला जोडलेली रबरी नळी फाटली होती आणि इंजिनातलं उकळतं पाणी शेजारच्या सीटपुढे सांडलं होतं. शेजारी कुणी बसलेलं असतं तर त्याचे पाय भाजले असते. तिथे माझी पिशवी होती. बूट, पुस्तकं, आदल्या दिवशी मिळालेली शाल, सगळं भिजलं.

एका टेम्पोवाल्याने दोर लावून मला अकोल्यात ओढत नेलं. "अँबॅसिडर हाये त युसूफभाईकडेच न्या," तो म्हणाला आणि स्वतःच घेऊन गेला.

युसूफभाई सत्तरीचे. पांढरी दाढी, चष्म्याला दोरी. त्यांचं गॅरेज म्हणजे कडुनिंबाखाली पत्र्याची शेड. त्यांनी आधी मला पाणी दिलं. ते थोडं खारट लागलं. "बोरचं हाये, घोटभरच घ्या," ते म्हणाले. "इकडं जमिनीतच खार हाये. रेडिएटरमंदी हे कधी टाकू नका, सडवून टाकते."

मग ते गाडीत वाकले. बाहेर येऊन हात पुसत विचारलं, "हे भोक कोनं पाडलं?"

"गाडी अशीच आहे. पहिल्यापासून," मी म्हणालो.

त्यांनी माझं बोट धरलं आणि पत्र्याच्या भोकाच्या कडेवरून फिरवलं. बोटाला ओरखडा आला.

"कंपनीचं भोक साच्यात दाबून काढलेलं रायते. त्याची कड आत वळलेली असते, लागत नाई. हे करवतीचं हाये. म्हनून त त्यानं नळी कापली." मग एक बोल्ट खोलून माझ्यापुढे धरला. "आन् हा पाहा. याले जंग लागला नाई, लावला हाये."

ते रागावलेले नव्हते. सर्दी झालीय म्हणून सांगावं तितक्या साधेपणाने सांगत होते. लाजेला काहीतरी बोलून झाकावं म्हणून मी विचारलं, "तुम्ही खरा हीटर पाहिलाय कुठे?"

"एकच. इकडं एकच गाडी होती तशी."

नव्या नळ्या यायला दुसरा दिवस लागणार होता. चहा मागवून ते सांगत बसले. त्या वेळी ते कोवळे शिकाऊ होते आणि त्यांचे उस्ताद गाड्या विकणाऱ्या दुकानाच्या वर्कशॉपात कामाला होते. गाड्यांसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे. एकदा रेल्वेने आलेल्या गाड्यांत एक हीटरची गाडी निघाली. पहाडातल्या कुणासाठी बनवलेली, त्याने घेतली नाही म्हणून इकडे वळवलेली. कुणी ती घ्यायला तयार होईना. मग दुकानदाराने अंजनगावच्या एका पानमळेवाल्याला सांगितलं, हीच घेत असाल तर आज घेऊन जा, नाहीतर नंबर येईपर्यंत थांबा.

"त्यायनं म्हटलं, घेतो, पन हीटर काढून द्या. आमचे उस्ताद बोलले, भाऊ, राहू द्या. चिखलदऱ्याचा घाट चढताना चालू करजा. इंजिनची गरमी हीटरमंदी निघते, इंजिन उकळत नाई. मानसायले घाम येईन, पन गाडी वर जाईन." युसूफभाई हसले. "जलमभर तसंच केलं त्या मानसानं. आता पोरगी चालवते. परमिला. सर्विसिंगले माह्याकडेच आनते."

माझ्या हातातला चहा निवत गेला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मी माझंच पाप त्या बाईंच्या गाडीत पाहिलं होतं आणि ते माईकवरून सांगितलं होतं.

युसूफभाईंना मेळ्यातलं काही ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी तयार झाली तेव्हा त्यांनी विचारलं, "हीटर जोडू का परत? कड घासून देतो. चांगला बसन."

"नको, बंदच ठेवा."

"तुमची मर्जी. लावला त लावला. आमी काय कमी जोडकामं केली?" ते म्हणाले. "पन जंग कायले लावाचा?"

अंजनगाव

सकाळी पुण्याच्या रस्त्याला न लागता मी दर्यापूरच्या रस्त्याने निघालो. दोन्ही बाजूंनी काळी जमीन, कापलेल्या तुरीची खुटं, मधेच हरभऱ्याचे हिरवे पट्टे. रस्त्यात दोनदा थांबलो. एकदा चहासाठी. दुसऱ्यांदा उगाचच, दर्यापूरच्या पुढे, परत फिरावं का याचा विचार करत.

प्रमिलाताईंचं घर विचारल्यावर लगेच सापडलं. त्या मळ्यात होत्या. पानमळा मी पहिल्यांदा पाहिला. शेवरीच्या झाडांवर चढलेले वेल, आत मांडवासारखी सावली, पायाखाली ओल, आणि बाहेरच्या रखरखीत मुलखाचा पत्ताच लागत नाही असा गारवा. त्या पानं खुडत होत्या. मला पाहून त्यांनी हात थांबवला, ओळखलं आणि म्हणाल्या, "या साहेब. घरी चाला, येतो मी." तिकडे बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात. पुण्याच्या कानाला ते आधी खटकतं, मग ठाम वाटायला लागतं.

अंगणात ती पिवळी गाडी उभी होती, बॉनेट उघडं. मी आत डोकावलो. डॅशबोर्डखाली हीटर नव्हता. दोन नळ्यांच्या तोंडांना लाकडाच्या खुंट्या ठोकल्या होत्या.

"काढून टाकला," मागून ताई म्हणाल्या. "परवा मिस्त्रीले बोलावलं."

"का काढला?"

"तुमीच त सांगतलं, खोटा हाये म्हनून. खोटं कायले ठेवा?"

मी तिथेच, उभ्या उभ्या, युसूफभाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. रेल्वेने आलेली गाडी, उस्ताद, घाट. त्या ऐकत राहिल्या. मधेच ओसरीच्या पायरीवर बसल्या.

"घाटाचं खरं हाये," त्या म्हणाल्या. "आमी पोरं घामानं न्हाऊन निघू आन् बाबा म्हनत, बसा गुमान, गाडी थंड होऊन रायली. आई गेली तवा आमाले हासवाले हीच गोष्ट सांगे." मग म्हणाल्या, "लोक हासले त्याचं काई नाई साहेब. पन दोन दिवस मले बाबाचाच राग येऊन रायला होता. म्हटलं, हा मानूस जलमभर आमाले बनवत रायला."

मी माफी मागितली. ती त्यांनी घेतली की नाही ते कळलं नाही. त्यांनी विचारलं, "मंग तुमाले काहून नाई कयलं? तुमी त परीक्षक."

"मी नीट पाहिलंच नाही. माझ्या गाडीतला हीटर मी स्वतः बसवलेला आहे, ताई. मला वाटलं, तुमचाही तसाच."

"म्हंजे मी तुमच्यासारखी असन, असं वाटलं तुमाले."

"हो."

त्या उठल्या, किल्ली घेतली. "बसा. भंगारवाल्याकडं पाहून येऊ."

त्यांच्या गाडीत त्यांच्या शेजारी बसलो. डब्याची जागा मोकळी होती, त्यामुळे पत्र्याच्या भोकातून इंजिनाची गरम हवा थेट माझ्या पायांवर येत होती. वाटेत मी हात खाली नेऊन त्या भोकाच्या कडेवरून फिरवला. कड आत वळलेली होती, गुळगुळीत. मैदानावर मला एवढं करायला अर्धं मिनिट लागलं असतं.

भंगारवाल्याने तांबं वेगळं केलं होतं आणि ते सकाळीच टेम्पोने गेलं होतं. राहिला होता तो चेपलेला डबा. ताईंनी तो उचलला, उलटसुलट पाहिला आणि पुन्हा ढिगावर ठेवला. परतताना मी म्हणालो, माझा हीटर तुमच्या गाडीत बसवून देतो, कंपनीचाच आहे, त्याच काळातला.

"कोनत्या गाडीचा हाये तो?"

"डेहराडूनकडच्या. कुठली ते माहीत नाही."

"मंग तो तिचा. बाबानं पायलेला तो नाई," त्या म्हणाल्या. "राहू द्या. भोक हाये ना तसंच? ते कंपनीचं हाये म्हनता ना? मंग ते राहीन."

घरी आल्यावर त्यांनी जेवायला बसवलं. तुरीच्या कोवळ्या दाण्यांची, म्हणजे सोल्याची झणझणीत भाजी, ज्वारीची भाकर, वर कच्चं तेल. आमच्याकडे पाहुण्याला आधी विचारतात, तिखट चालेल ना. इथे कुणी विचारलं नाही. डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याला निमित्त मिळालं याचं मला बरंच वाटलं.

जेवण झाल्यावर ताई म्हणाल्या, "तुमी माईकवर बोलले होते. आता वानखडे सरले फोन लावा. माह्यासमोर."

मी लावला आणि आवाज मोठा ठेवला. त्या गाडीतला हीटर कारखान्यातूनच आला होता, चूक माझी होती, सगळ्यांना कळवा, असं सांगितलं.

"जाऊ द्या हो साहेब, कोण लक्षात ठेवते," सर म्हणाले. "तुमच्या गाडीचं मात्र अजून नाव निघते इकडे. डेहराडूनचा हीटर म्हणजे काय, पोरांनी फोटो काढून ठेवले."

इथे मला बोलता आलं असतं. ताई माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हणालो, "हं. बरं सर, ठेवतो."

त्या आणखी क्षणभर बसल्या. मग माझं ताट उचलून आत गेल्या.

निघताना त्यांनी ओल्या फडक्यात बांधलेली पानांची चवड दिली. मी नको म्हणू शकलो नाही. घाटात, हॉटेलात, पुण्याच्या घराखाली गाडी लावताना, ती चवड शेजारच्या सीटवर होती. बायकोने पानं मोडून पाहिली आणि म्हणाली, किती कोवळी आहेत.

दोन पत्रं लिहायला मला तीन आठवडे लागले. एक क्लबाला, ढाल परत करत असल्याचं आणि कारणाचं. दुसरं वानखडे सरांना, तेच सगळं आणि डेहराडूनची थापही. क्लबाचे अध्यक्ष फोनवर वैतागले. "सगळेच करतात. लिहून कशाला दिलंत? आता प्रत्येकाची गाडी उघडून बघायला लागेल." वानखडे सर दुखावले होते, पण त्यांनी पत्र त्यांच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचलं आणि पहिल्या नंबराचा कागद अंजनगावला पोचवला.

त्या रात्री प्रमिलाताईंचा फोन आला.

"कागद भेटला. बाबाच्या फोटोपाशी ठेवला," त्या म्हणाल्या. "तुमचं पत्र वाचलं म्हने तिकडं. पुरं वाचलं?"

"हो, पुरं."

"बरं." मग म्हणाल्या, "इकडं आले की जेवाले येत जा. पानमळ्यात गार रायते."

"नक्की येतो," मी म्हणालो.

त्यानंतर मला दोनदा नागपूरला जावं लागलं, दोन्ही वेळा रेल्वेने. दोन्ही वेळा अकोला स्टेशनवर गाडी थांबली. अंजनगावच्या वाटेवर दर्यापूरला जायला बाहेर जीप उभ्या असतात, हे मला आता माहीत आहे. मी डब्याच्या दारापर्यंत गेलो, फलाटावर चहा घेतला आणि गाडी सुटायच्या आत जागेवर येऊन बसलो.